मेलेल्या वालांची बाटली

१२ जानेवारी, सोमवार

आज सत्यजीत सरांचा दहावीचा तास मागच्या बाकावर बसून ऐकला. हेडमास्तरांचा हुकूम होता की नव्याने लागलेल्यांनी अनुभवी शिक्षकांकडून शिकावं. धडा पेशीतल्या श्वसनाचा. सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले, त्यांना बाण जोडले आणि म्हणाले, "पहिला चौकोन दोन मार्क, दुसरा दोन, तिसरा एक. पाठ करा." मग बेचाळीस मुलांनी ग्लुकोज विघटन, क्रेब चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी असा एका सुरात जप केला. आमच्या विचुंबे गावच्या देवळातली आरती आठवली. तिथेही अर्थ कोणाला माहीत नसतो, पण निदान शेवटी प्रसाद मिळतो.

माधुरी नावाच्या मुलीने विचारलं, हे चक्र फिरताना कुठे बघायला मिळतं का. सर म्हणाले, "पेपरात." वर्ग हसला. सरही हसले. सहा वर्षं हा माणूस या शाळेत आहे आणि त्याला याच विनोदावर हसू येतं.

मी हसले नाही. आपण सकाळी खाल्लेली भाकरी पेशीपेशीत हळूहळू जळते, धूर नाही, ज्वाळा नाही, आणि त्या जळण्यावर आपण चालतो, बोलतो, पाठांतर करतो. चुलीत टाकली तर तीच भाकरी दोन मिनिटांत कोळसा होते. पेशी तिला पायरीपायरीने जाळते, थोडी ऊर्जा साठवते, उरलेली उष्णता म्हणून सोडते. यापेक्षा मोठी गोष्ट शाळेत दुसरी कोणती शिकवतात? आणि तिचे पाच मार्क.

विज्ञानाची एकच कायम जागा भरायची आहे. उमेदवार दोन, सहा वर्षांनंतरही कायम न झालेले सत्यजीत सर आणि मी. मी सध्या तासिकेवर. शनिवारी चोवीस तारखेला संस्थेच्या कमिटीपुढे आम्हा दोघांचा नमुना पाठ आहे, विषय हाच. सर चौकोन काढतील. मी जिवंत श्वसन दाखवणार आहे.

१४ जानेवारी

आज शिक्षकखोलीत तिळगूळ. वर्षभर एकमेकांच्या तक्रारी हेडमास्तरांकडे नेणारी माणसं एकमेकांना गोड बोला म्हणत होती. मी घेतला आणि खाल्ला, कारण ग्लुकोज कोणाच्याही हातून आलं तरी ग्लुकोजच असतं.

माझा प्रयोग साधा आहे. दोन थर्मास घ्यायचे. एकात मोड आलेले वाल भरायचे, दुसऱ्यात तेच वाल उकडून. दोन्हींत तापमापी खोचून तोंडाला कापूस लावायचा. तीन दिवसांनी जिवंत वालांची बाटली गरम, मेलेल्यांची थंड. आंधळ्यालाही हाताने कळेल की जिवंत पेशी ऊर्जा सोडते.

हेडमास्तर कमळाकर सर सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, जे फळ्यावर होतं त्याला बाटल्या कशाला?" खर्च मंजूर नाही. प्रयोगशाळेत तापमाप्या आहेत, त्या वापरा, फुटली तर भरून द्या. गेली चार वर्षं त्या खोलीत खुर्च्या आणि गणपतीचं मखर ठेवतात. पाटीवर मात्र 'प्रयोगशाळा' लिहिलंय.

सत्यजीत सरांनी प्रयोगाचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. तळटीप होती की बिया आधी जंतुनाशकाच्या पाण्यातून धुवून घ्याव्यात. "हे विसरू नका हां," म्हणाले. घ्या, म्हणजे वालांनाही सोवळं. मी विचारलं, का धुवायच्या? ते म्हणाले, "लिहिलंय म्हणून." या उत्तरातच त्यांची सहा वर्षं आली. शुद्धीकरण करून विज्ञान होत नसतं. मी धुणार नाही.

१९ जानेवारी, सोमवार

वाल भिजवले. बियांसाठी बाहेर जायची गरजच नव्हती. आमच्या घरात दुसरं आहे काय? आई गेली पंधरा वर्षं पनवेलच्या बाजारात सोललेलं बिरडं विकते. चिरनेरकडचे कडवे वाल आणते, भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, पहाटे कोमट पाण्यात टाकून एकेक वाल सोलते आणि पिशव्या घेऊन सातच्या आत उरण नाक्याजवळ बसते. मी तीन वर्षं कॉलेजला गेले तीही याच वालांवर, हे मला मान्य आहे. पण माझ्या वह्यांनासुद्धा तो उग्र वास यायचा आणि मैत्रिणी विचारायच्या की तुझ्या बॅगेत काय आहे, हेही लिहून ठेवायला हवं.

आईला प्रयोग समजावला. तिने भिंतीशी ठेवलेलं कालचं गाठोडं माझ्या हातात दिलं. गरम होतं, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं.

"ह्यात नवीन काय गो?" ती म्हणाली. "वाल जागं झालं की तापतंच. श्वास घेतात ती. म्हणून तर मी गाठोडं घट्ट बांधीत नाय."

मी तिला सांगितलं की श्वास घेणं वेगळं आणि पेशीतलं श्वसन वेगळं. वालाला नाक नसतं.

"मासलीला कुठं हाय नाक," आई म्हणाली आणि सोलायला बसली.

शिकलेल्या माणसाने घरात वाद घालू नये हेच खरं. वर सोलता सोलता तिने आणखी एक ज्ञान दिलं: शिजवलेलं बिरडं डब्यात झाकून ठेवलं की तेही तापतं, फसफसतं. म्हणजे हिच्या लेखी जिवंत आणि मेलेलं एकच. असल्या गोंधळातून समाजाला बाहेर काढायचं तर कायम नोकरी लागणारच.

२१ जानेवारी, बुधवार

बाटल्या भरल्या. थर्मास घरचेच. निकेशला, म्हणजे माझ्या भावाला, मित्राच्या हळदीत दोन सारखे स्टीलचे मिळाले होते. आमच्याकडे हळदीला मांडव, डीजे आणि अख्ख्या गावाला थर्मास. पुस्तक मात्र कधी कोणी वाटत नाही. त्यातला एक आई चहासाठी बाजारात नेते, त्याला पोटाशी पोचा पडलाय. दुसरा नवा. नव्यात जिवंत वाल भरले, पोचा पडलेल्यात मेलेले. मेलेल्यांना नवी बाटली कशाला?

जिवंत वाल गळ्यापर्यंत ठासून भरले. जितके जास्त वाल तितकी जास्त उष्णता, हे गणित शाळेच्या कमिटीलाही कळेल. उकडलेले कमी पडले, अर्धीच बाटली भरली, कारण आईने सकाळी एका गिऱ्हाइकासाठी उकडायच्या वालांतले काही उचलले. तिच्या लेखी माझा प्रयोग आणि कोणाच्या घरची आमटी यांत आमटी वरचढ.

चिकटपट्टीच्या कपाटाची किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क रजेवर. म्हणून जाड कागद दुमडून दोन पाट्या केल्या, 'जिवंत' आणि 'मृत', आणि बाटल्यांपुढे उभ्या केल्या. अक्षर सुंदर आलंय.

शुक्री मावशी केर काढायला आली होती. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून ती रोज चालत येते, रोडपालीच्या या शाळेची झाडलोट, संडास, पाणी सगळं एकटी करते. तिने विचारलं की बाटल्यांत काय. सांगितलं की वाल. "बंद करून?" एवढंच म्हणाली. मला तिची कीव आली. पन्नाशीची बाई, आयुष्य शाळेत गेलं, आणि शाळेतलं एक अक्षर तिच्या वाट्याला आलं नाही. कायम झाले की तिला वाचायला शिकवणार. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

२२ जानेवारी

जिवंत २८ अंश. मृत २४. यापुढे काय लिहायचं?

२३ जानेवारी

क्रीडादिन. प्रयोगशाळेला दिवसभर कुलूप, आत मखराशेजारी लेझमी ठेवल्या होत्या त्या बाहेर काढून झाल्यावर. आजचं तापमान घेता आलं नाही. बिघडलं काय? निसर्गाचा नियम माझ्या वहीत नोंद झाली नाही म्हणून थांबत नाही.

लिंबू-चमच्यात शिक्षिकांमध्ये मी शेवटची आले. सत्यजीत सर शंभर मीटर धावले आणि दुसरे आले. पाठांतराला फुप्फुसं लागतात.

२४ जानेवारी, शनिवार

लिहिते. जसं घडलं तसं लिहिते.

आधी सरांचा पाठ झाला. तीन चौकोन, बाण, जप. अध्यक्षांनी जांभई दिली. ते इथलेच, जमिनी गेल्यावर बिल्डर झालेले, शाळेच्या इमारतीची खिडकीन् खिडकी त्यांनी लावलेली. मग मी. भाकरीपासून सुरुवात केली. चुलीतली भाकरी, पेशीतली भाकरी. माधुरी पुढच्या बाकावर होती, तिचे डोळे मोठे झालेले मला दिसले. अध्यक्षही पुढे सरकून बसले. मी म्हटलं, आता जिवंत आणि मृत यांतला फरक तापमापीच सांगेल, आणि माधुरीला वाचायला बोलावलं.

तिने जिवंतची तापमापी वाचली. एकोणतीस. मृतची वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली.

"मॅडम, सदतीस."

मी स्वतः बघितलं. सदतीस.

अध्यक्ष म्हणाले, "मंग मेल्यावरच जास्त तापतंय का काय?" आणि सगळा वर्ग, कमिटी, दारात उभा असलेला क्लार्कसुद्धा हसला. हेडमास्तर तर रुमाल तोंडाला लावून हसले. मला आयुष्यात इतकी उष्णता कधी जाणवली नव्हती.

कोणीतरी बाटल्या हलवल्या होत्या. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी विचारलं, सकाळी इथे कोण आलं होतं? शुक्री मावशीला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. म्हणाली की हो, टेबल पुसलं, बाटल्या उचलल्या आणि होत्या तशा ठेवल्या. मी विचारलं, पाट्या वाचता येत नाहीत तर कुठली कुठे ठेवायची हे कसं कळलं?

"वाचता येत नाय, पन डोले हायत ना मना. पोचा पडलेली उजवीकडं व्हती. तिथंच ठेवली."

सगळ्यांसमोर पकडली गेल्यावर माणूस असं काहीतरी बोलणारच. मी तिला ओरडले नाही. उलट कमिटीला सांगितलं, यात हिचा दोष नाही, दोष निरक्षरतेचा आहे, आणि आपण सगळेच त्याला जबाबदार आहोत. मला वाटतं हे मी चांगलं बोलले. शुक्री मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला कदाचित आभार मानायचे होते.

सत्यजीत सर हळूच जवळ येऊन म्हणाले, "एकदा उघडून बघूया का?" पराभवाच्या क्षणी टोमणा मारायची ही वेळ. मी बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि घरी आणल्या. तशाच दाराआड पडल्या आहेत. बघायचीही इच्छा नाही.

हेडमास्तरांनी एक न्याय केला: बाटल्यांची अदलाबदल झाली असल्यामुळे माझा पाठ पुन्हा, सात फेब्रुवारीला.

२७ जानेवारी, मंगळवार

शुक्री मावशी आज दिसली नाही. क्लार्कने सांगितलं, काढून टाकली. हेडमास्तरांना कधीपासून सफाई एजन्सीकडे द्यायची होती, कारण मिळत नव्हतं. "तुम्ही दिलंत की," क्लार्क म्हणाला, आणि चहा पुढे केला.

मी हेडमास्तरांकडे जाऊन म्हटलं, मी निरक्षरतेला दोष दिला होता, बाईला नाही. ते म्हणाले, "मॅडम, निरक्षरतेला नोकरीवरून काढता येत नाही."

मी काही चूक केली असं मला वाटत नाही. मी सत्य सांगितलं. त्या सत्याचं हेडमास्तरांनी काय केलं हा त्यांच्या नीतीचा प्रश्न आहे. चहा घेतला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

आज पहाटे आईला चहाचा थर्मास हवा होता. दाराआड सापडला. तिने कापूस काढला आणि घरभर आंबूस वास पसरला, तिचे शब्द लिहिण्यासारखे नाहीत. मी उठून आले. ती बाटली बाहेर ओतत होती.

"ह्ये काय ठेवलंस गो पाच दिस? शिजवलेलं हाय ह्ये. आंबलंय सगलं."

मी म्हटलं, ते मोडाचे आहेत, त्या बाटलीत जिवंत होते.

"मोड कुठं हाय दाखव."

मोड नव्हते. मऊ पडलेले, बुळबुळीत, वर पांढरी बुरशी. तिच्या हातातल्या बाटलीला पोचा होता.

दुसरी उघडली. आईला बोटांनी उकरून काढावे लागले इतके ठासलेले वाल, कोंब आलेले, अर्धे काळे पडलेले. तिने नाकाशी धरले. "घुसमटून मेली ही. एवढं दाबल्यावर वारा कुठून जाईल त्यांना?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलेलं तुला." तिने दोन्ही थर्मास राखेने घासले आणि बाजाराला गेली.

मी ही वही उघडली. एकवीस तारीख. माझंच सुंदर अक्षर: 'पोचा पडलेल्यात मेलेले.' आणि चोवीस तारखेच्या पानावर शुक्री मावशी: पोचा पडलेली उजवीकडं व्हती, तिथंच ठेवली. 'मृत'ची पाटी उजवीकडेच होती. दोन्ही वाक्यं माझ्या हातची, मधे चार पानं. ही वही मी लिहीत गेले, एकदाही वाचली नाही.

कोणी काहीही हलवलं नव्हतं.

दुपारी तास नव्हता, प्रयोगशाळेत बसून नीट विचार केला. उकडल्याने वाल मेले. पण न धुतलेल्या बाटलीत, उघड्यावर निवलेल्या वालांवर डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव बसले. अर्धी बाटली रिकामी, म्हणजे हवा भरपूर. ते वाल खाऊ लागले, श्वसन करू लागले, आणि उष्णता सोडू लागले. त्यांचंच ते सदतीस अंश. आणि ज्यांना मी जिवंत म्हणून सजवलं होतं त्यांना ऑक्सिजनच मिळाला नाही. म्हणजे प्रयोग फसलाच नव्हता. दोन्ही बाटल्या खरं बोलत होत्या. त्या खोलीत खोटं बोलणारी एकच होती, आणि तिच्याकडे बी.एस्सी.ची पदवी होती.

तळटीप. आई. सत्यजीत सर. शुक्री मावशी. चौघांनी सांगितलं. चौघांनाही मी अडाणी ठरवलं, एकाला तर पदवी असूनसुद्धा.

१ फेब्रुवारी, रविवार

शुक्री मावशीच्या वाडीवर गेले. घराला कडी. शेजारणीने सांगितलं की वीटभट्टीवर गेली. भट्टी वाडीपासून अर्ध्या तासावर. ती डोक्यावर कच्च्या विटा वाहत होती. माझ्याकडे बघितलं, पण डोक्यावरची पाटी रिकामी होईपर्यंत थांबली नाही. मग सावलीत येऊन उभी राहिली.

मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, सूक्ष्मजीव, ऑक्सिजन, माझी चूक, क्षमा. तिने मधेच थांबवलं.

"म्हंजे मी बराबर ठेवलेली."

"हो."

"त्ये मना ठावं हाय. तू मना कशाला सांगतेस?"

मी म्हटलं, माफी मागायला आले.

"हितं कोन आयकतंय? विटा?" ती म्हणाली. "जिथं बोललीस तिथं बोल. मी येन आयकाया."

मी सात तारीख सांगितली आणि वेळ. तिने आकाशाकडे बघितलं, जणू घड्याळ तिथे होतं, आणि पुन्हा विटांकडे गेली. तिने मला बसायलाही सांगितलं नाही. कुठे बसायला सांगणार होती?

परत येताना लक्षात आलं, मी तिला वाचायला शिकवायचं बोलणार होते. बरं झालं बोलले नाही.

३ फेब्रुवारी

हे सगळं कमिटीपुढे बोलले तर नोकरी जाईल, हे मला समजतं. अदलाबदल झाली म्हणूनच तर दुसरी संधी आहे. झाली नाही असं सांगितलं की संधीचं कारणच संपतं. दोन दिवस या वाक्याभोवती फिरतेय. हे माझं क्रेब चक्र.

एजन्सीचा माणूस एक तारखेपासून येणार होता. अजून आलेला नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत मुतारीचा वास येतो. मुली घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत. अध्यक्षांची नात सातवीत आहे, तीही नाही, तिच्या आईचे शाळेत दोनदा फोन आले. हेडमास्तरांनी टेबलावर उदबत्ती लावली आहे.

सत्यजीत सरांकडे तिसरा थर्मास मागितला. का हवा ते सांगितलं, सगळं. वाटलं होतं हसतील. त्यांनी उद्या आणतो म्हटलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "मग ती तळटीप का असते ते कळलं तर मलाही सांगा. मी सहा वर्षं नुसतीच वाचतोय." सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. ही बहुतेक पाठांतराची तयारी.

७ फेब्रुवारी, शनिवार

तीन बाटल्या बुधवारी भरल्या होत्या. जिवंत वाल, सैल, निम्मी बाटली. उकडलेले, तसेच. आणि उकडून जंतुनाशकात धुतलेले, बाटलीही धुतलेली. उकडलेले नुसते पोचा पडलेल्यात. पाट्या चिकटपट्टीने चिकटवल्या, ती आई बाजारातून घेऊन आली.

शुक्री मावशी आली. केसांत विटांची लाल धूळ. आत या म्हटलं तर दारातच उभी राहिली.

माधुरीने वाचलं: जिवंत तेहतीस, उकडलेले छत्तीस, धुतलेले चोवीस. अध्यक्ष म्हणाले की पुन्हा मेलेलंच गरम. मी म्हटलं, नाही, ते मेलेलं नाही, तिथे कोणीतरी जेवतंय आणि आपल्याला दिसत नाही. पहिल्या वेळीही हेच झालं होतं. बाटल्या कोणी बदलल्या नव्हत्या. चूक माझी होती. शुक्री मावशींनी बाटल्या अचूक जागी ठेवल्या होत्या, तसं सांगितलंही होतं, आणि मी सगळ्यांसमोर त्यांना चुकीचं ठरवलं.

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, विषयाला धरून बोला."

"सर, विषय हाच आहे."

मी बसायला वळले तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "त्यादिवशीच उघडून का नाय बघितल्या?"

हा प्रश्न पेपरात येत नाही. उत्तर होतं, पण दहावीच्या मुलांसमोर देण्यासारखं नव्हतं: बाई झाडणारी होती म्हणून.

मग शुक्री मावशी आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. टेबलाशी येऊन तिने तिन्ही बाटल्यांवरून नजर फिरवली, पोच्यावर बोट ठेवलं. "ही. ही व्हती उजवीकडं." बाटलीच्या तोंडाशी तळवा धरला, उष्णता बघितली, आणि निघून गेली. तिला भट्टीवर परत जायचं होतं.

कोणी हसलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

जागा सत्यजीत सरांना मिळाली. मी तासिकेवर मार्चअखेरपर्यंत. तसा कागद हातात देताना हेडमास्तर म्हणाले, फार प्रामाणिक आहात. शिवीसारखं म्हणाले.

आईला सांगितलं. तिने माझ्यापुढे वालांचं पातेलं सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो. नखांना वास लागला. शाळेत हात तसेच घेऊन गेले.

आणि शुक्री मावशी परत आली. सकाळी फाटकातच दिसली, हातात खराटा. मला भरून आलं. शेवटी सत्याला थोडा वेळ लागतो, एवढंच. कमिटीने ऐकलं म्हणायचं. मी तिच्याजवळ जाऊन तसं म्हटलंही.

"कसलं सत्य बाय," ती म्हणाली. "संडास धुवाया कोन आला नाय. अध्यक्षाची सून बोंबललीय."

दुपारी ती प्रयोगशाळेत आली. टेबलावर तिन्ही बाटल्या अजून तशाच होत्या. मी म्हटलं, मावशी, टेबल पुसून घ्या ना जरा.

तिने फडकं भिजवलं, पिळलं आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

"बाटल्या तुमी उचला," म्हणाली. "मी खाली पुसते."

मी उचलल्या. पोचा पडलेली उजव्या हातात धरली. ती सावकाश पुसत होती, आणि माझ्या हाताला बाटलीची ऊब लागत होती.